नरसय्यामामांची छत्तिसावी टेप

नरसय्यामामा कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी पंख्याखाली उभे राहत. मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले. मग निकाल देत. "बेरिंग जायलंय. उन्हाळा काढतंय, पुढं न्हाय." आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी पलंगावर होते. स्कूटर घसरून डावा पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. मामांनी आधी पंखा ऐकला, त्याचं भविष्य सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुजं काय बिगडलंय?"

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं जॉबर म्हणून काम केलं होतं. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. घरची भाषा तेलुगू, त्यामुळे त्यांच्या मराठीत सगळं जग नपुंसकलिंगी होतं. "बायको आलंय, चहा ठिवलंय." मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे गेले होते. समोरचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखत. कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, काही कळत नसे. पण पंख्याची घरघर, पाण्याच्या पंपाचा हुंकार, असले खालच्या पट्टीतले आवाज त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत. "वरचं आवाज मागानं खाल्लंय," ते म्हणत. "खालचं मला ठिवलंय."

आई शाळेत शिकवायला जायची. दुपारी पोरीवर जरा लक्ष ठेवा, असं तिने मामांना सांगितलं होतं. मी लॅबमध्ये रक्त तपासणारी, एकोणतीस वर्षांची बाई. मला राखण कशाला हवी? मी टीव्हीला धाकट्या भावाचा कन्सोल जोडून गेम खेळत बसायचे. मामा खुर्चीवर बसून पेपर वाचायचे. चार-पाच दिवस असेच गेले.

त्या गेममध्ये पुराने बुडालेलं एक शहर होतं आणि त्यातून होडी घेऊन फिरणारी एक मुलगी. शहरात छत्तीस टेप लपवलेल्या होत्या. सापडलेली टेप होडीतल्या टेपरेकॉर्डरवर लावता येई आणि तिचा उपयोगही असे. एखादी लावली की वारा पडे, एखादी लावली की बंद दारामागचा माणूस डोकावून बाहेर येई. टेप जवळ असली की अगदी हळू, खालच्या पट्टीतली गुणगुण ऐकू येते, असं गेममध्ये सांगितलं होतं. मला ती कधीच ऐकू आली नाही. पंधरा टेप सापडल्या आणि मी अडकले. शेवटी मोबाईलवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ लावला आणि त्यात दाखवलेल्या जागा बघून एकेक टेप उचलू लागले.

मामांनी पेपर खाली ठेवला. "त्यातलं बघून हितं करायलंय व्हय तू?"

"सापडत नाहीत हो मामा. सगळे असंच करतात."

"दुसऱ्याच्या कानानं माग दुरुस्त हुतंय का?" ते म्हणाले. "दे इकडं ते कानाचं."

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी डोळे मिटले. मी सवयीने होडी पळवत होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आगू, आगू." तेलुगूत आगू म्हणजे थांब. मी थांबले. मामा कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "उजवीकडं. पण भिंतीच्या मागं हाय. वाट लांबनं आसंल." वाट खरंच लांबून होती. एका पडक्या दवाखान्याच्या मागच्या जिन्याखाली टेप पडली होती.

त्या दिवसापासून पेपर बंद झाला. मामा दोनच्या ठोक्याला येत, पंखा ऐकत आणि हेडफोन लावून बसत. डोळे माझे, कान त्यांचे. गेममधली कथा, शत्रू, बक्षिसं यांत त्यांना काडीचा रस नव्हता. टेप सापडली की ती लगेच वापरू देत नसत. आधी पूर्ण ऐकायची. "माग चालू करून लगीच कापड मागत्यात, तसलं न्हाय करायचं." मी घाई केली की म्हणत, "मशीन खोटं बोलत न्हाय पोरी. माणूसच घाई करतंय."

महिन्याभरात पस्तीस टेप झाल्या. छत्तिसावी काही मिळेना. आम्ही अख्खं शहर पालथं घातलं. मी चोरून व्हिडिओ बघायचा विचार केला, पण मामांना काय तोंड दाखवणार म्हणून बघितला नाही. एका दुपारी मामा अचानक म्हणाले, "तुज्या होडीतलं टेप सारखं चालूच आसतंय की. ते बंद कर."

इतक्या दिवसांत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मिळालेल्या गाण्यांपैकी एखादं मी कायम लावून ठेवायचे. मी टेपरेकॉर्डर बंद केला आणि एका ओसाड घाटापाशी होडी नुसती उभी केली. दहा मिनिटं गेली असतील. माझा प्लास्टरमधला पाय खाजत होता, मी वैतागले होते. मामा हलले नाहीत. मग त्यांनी बोट वर केलं. घाटावर, आम्ही पन्नास वेळा जिच्यासमोरून गेलो होतो त्या बंद खिडकीची झडप उघडली. आत एक म्हातारी काहीतरी निवडत बसली होती आणि गुणगुणत होती. वाद्य नाही, शब्द नाहीत. पडद्यावर अक्षरं उमटली, की छत्तिसावी टेप मिळाली.

मी टाळ्या वाजवल्या. मामांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आमचं अंबव्वा असंच म्हणत हुतं," ते म्हणाले. अंबव्वा म्हणजे मामी. "बिड्या वळताना. लगीन झाल्यावर रोज म्हणत हुतं. मी कारखान्यातनं येत हुतो, डोक्यात चाळीस माग चालूच. तिचं आवाज आलं की मी म्हणायचो, गप बस. रोज गप बस. मग ते गप बसलं. कधी बसलं ते पण ध्यानात न्हाय बग."

त्या संध्याकाळी त्यांनी मामींना गाणं म्हणायला सांगितलं. हे मला दुसऱ्या दिवशी मामींनीच सांगितलं. माझ्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन त्या वर आल्या होत्या. "काय शिकवलीस गं तू ह्यांना? सत्तरीला आले, म्हणतात गाणं म्हण. मी म्हणलं, जावा तिकडं. गळा कवाच गेला माझा." त्या हसत होत्या, पण तांब्या ठेवताना ताक सांडलं.

मामांनी पुन्हा विचारलं नाही. मला म्हणाले, "मागून मिळत न्हाय. आपलं टेप बंद करून बसायचं."

ते खरंच तसे बसू लागले. घरातला टीव्ही दिवसभर मोठ्याने चालू असे, तो त्यांनी बंद केला. मामींना आधी वाटलं टीव्ही बिघडला. मग त्यांना वाटलं मामा रुसले. तोवर माझं प्लास्टर निघालं होतं आणि मी काठी घेऊन जिना उतरायला लागले होते. टीव्ही बंद झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी खाली गेले तर मामा जिन्याच्या पायरीवर बसलेले. त्यांनी मला हाताने खूण केली. आत उंबऱ्यापाशी मामी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या आणि अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या.

मामांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्यांना फक्त मामींचे ओठ हलताना दिसत होते, आवाज ऐकू येत नव्हता. मी फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो उंबऱ्यापाशी सरकवला. मामींनी फोनकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात बघून गाऊ लागल्या.

वर येऊन मी ते मामांना हेडफोनवर लावून दिलं. ते पूर्ण ऐकेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, "आवाज जाड झालंय तिचं. बरं झालं. मला येतंय ऐकू."

पुढच्या दीड वर्षात अशी अकरा गाणी मिळाली. ठरवून एकही नाही. एक तांदूळ निवडताना, एक नातीला न्हाऊ घालताना, एक अक्कलकोटहून येताना एसटीत. मी कामावर जाऊ लागले होते. सुट्टीच्या दिवशी मामा जिन्यात बसलेले दिसले, की मी फोन घेऊन शेजारी जाऊन बसे. कधी गाणं मिळे, बहुतेक वेळा मिळत नसे. मिळालं नाही तर मामा गुडघ्यावर हात ठेवून उठत. "आज न्हाय. जा, जेवून घे."

गेल्या श्रावणात ते गेले. जेवून दुपारी आडवे झाले आणि उठले नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले.

पंधरा दिवसांनी मामी वर आल्या. बराच वेळ आईशी तांदळाबद्दल, नातीच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ते तुम्ही दोघं भरून घेत होता ते, माझं. एक लाव की. मी कधी ऐकलंच न्हाय."

मामांना लावून देताना मी नेहमी सुरुवातीचा भाग पुढे सरकवायचे. गाणं सुरू होण्याआधी त्यात जिन्यातले आवाज, आमची कुजबुज, शेजारच्या मागांची खडखड असे. त्या दिवशी सरकवायचं माझ्या लक्षातच आलं नाही. आधी खडखड आली. मग फोनच्या अगदी जवळून मामांचा आवाज आला. कारखान्यातल्या माणसांना कानाशी तोंड नेऊन बोलायची सवय असते, तसे ते मला सांगत होते.

"भरून घे, भरून घे. आता म्हणतंय बग. उजव्या पायाचं अंगठा हलवायलंय. लगीन झाल्यापास्नं तसंच हाय तिचं. आधी अंगठा हलतंय, मग गाणं येतंय."

त्यापाठोपाठ मामींचं गाणं सुरू झालं. मामी ते ऐकत नव्हत्या. साडीच्या काठाखालून दिसणाऱ्या आपल्या पायाकडे बघत होत्या.

"हे मला पण ठावं नव्हतं," त्या म्हणाल्या. गाणं तसंच चालू होतं. त्यांनी हात पुढे करून फोनवर ठेवला, पण तो कसा थांबवायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

"गाणं राहू दे गं," त्या म्हणाल्या. "ते आधीचं पुन्हा लाव."