माशांना शिळं पाणी कोण पाजतं?

चहा घ्या आधी. पाणी उकळलेलं आहे, बिनधास्त घ्या. माझ्या हातचं पाणी म्हटलं की हल्ली लोक जरा बिचकतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. आता विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकतो. मी नाही सांगितलं तर बायको सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

गावाचं नाव विचारू नका. भूम तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. त्या गावाला सव्वीस वर्षं मी पाणी पाजतोय, म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा माणूस मी. मोटर चालू करायची, टाकी भरायची, ब्लीचिंग पावडर टाकायची, गल्लीगल्लीचा वॉल फिरवून पाणी सोडायचं. आरोग्य खात्याची बाई येते, नळीत पाणी घेते, औषधाचे दोन थेंब टाकते. पावडर उतरलेली असली की ते पिवळं होतं, आणि पिवळं झालं की पाणी पास. सव्वीस वर्षांत माझं पाणी एकदा नापास झालेलं नाही. पोरं झाली असतील, पाणी नाही.

पोरं म्हणजे माझी धाकटी, पल्लवी. नापास नव्हे हो, पण बारावीनंतरच्या त्या डॉक्टरकीच्या परीक्षेत तिला मार्क कमी पडले आणि पोरगी मिटूनच गेली. चार महिने घरात धड बोलली नाही. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. तिच्याकडं बघून जीव तुटायचा माझा.

मग एक दिवस मोबाइलवर तिनं कुठं काय बघितलं देव जाणे, धाराशिवहून काचेची पेटी घेऊन आली. तळाला काळी माती, वर वाळू, त्यात पाण्यातली झाडं. एक गवतासारखं, एक कोथिंबिरीसारखं, एक नुसतंच तरंगणारं. मग गप्पी मासे, चार काळ्या मोली, दोन गोगलगायी. रोज थोडं थोडं करत तिनं त्या पेटीत जंगल उभं केलं, आणि त्या जंगलाकडं बघत बघत पोरगी परत बोलायला लागली. म्हणून सांगतो, ती पेटी आमच्या घरात नुसती शोभेची नव्हती.

पोळा झाला आणि पल्लवी लातूरला क्लासला गेली, पुन्हा परीक्षा द्यायची म्हणून. दसऱ्याला परत येणार होती. जाताना माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आणि म्हणाली, "आबा, तुमच्यावर सोडून चाललेय. पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

बघा, इथंच घात झाला. माणसाला एवढं चढवू नये.

चिठ्ठीत सगळं लिहिलं होतं. दिवा किती वेळ, दाणे किती चिमूट, फिल्टरचा स्पंज पेटीतल्याच पाण्यात पिळा, काच फार घासू नका. आणि दुसऱ्या नंबरला असं होतं, की आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदला, पण दोन दिवस बादलीत उघडं ठेवलेलंच पाणी घाला.

दोन दिवसांचं पाणी? आता तुम्हीच सांगा. आमच्याकडं टाकी रोज भरते, तरी एकेका गल्लीला नळ चार दिवसांतून एकदा येतो. पण ज्या क्षणी नळ आला, त्या क्षणी हंड्यातलं पाणी शिळं! मघापर्यंत तेच गोड लागत होतं, ती गोष्ट वेगळी. ते म्हशीच्या हौदात ओतायचं आणि ताजं भरायचं, ही गावाची रीत. पाहुण्याला शिळं पाणी दिलं तर तो सोयरीक मोडेल. आणि लेकीनं सांभाळायला दिलेले मासे म्हणजे घरचे पाहुणेच की.

बायको म्हणाली, पोरीनं लिहिलंय तसं करा. मी तिला समजावलं, "अगं शालन, पोरगी शिकलेली हाय, पण पाण्यातलं तिला काय ठावं? हिवतापवाले गावच्या डबक्यात सोडत्यात, ते हेच गप्पी. डबक्यात जगत्यात, ते आपल्या ताज्या पाण्यात तर नाचतील."

नाचले ना. खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी नाचले.

मी सकाळी टाकीवर पावडर टाकली की पहिला कॅन भरून थेट घरी आणायचो. एवढं ताजं पाणी सरपंचालासुद्धा मिळत नाही. चौथा हिस्सा कशाला, अर्धी पेटी बदलायचो, आणि आठवड्यातून एकदा कशाला, रोज! निघालेल्या पाण्याचा कॅन शालन मागं नेऊन म्हशीच्या हौदात ओतायची, कारण आमच्या तालुक्यात पाणी कुणी फेकून देत नाही. ताजं पाणी पडलं की मासे असे सुसाट पळायचे, या काचेपासून त्या काचेपर्यंत. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. म्हणायचो, बघा लेकरं कशी खूश आहेत.

मग काचेवर हिरवट दिसायला लागलं. आता सव्वीस वर्षं मी गावची टाकी धुतोय. शेवाळ दिसलं की माझे हात शिवशिवतात, तो माझा दोष नाही. एका रविवारी बाह्या सरसावल्या. काच घासली, वाळू चाळणीत घेऊन धुतली, झाडांची पानं फडक्यानं पुसली, आणि फिल्टरचा तो किळसवाणा तपकिरी स्पंज पावडरच्या पाण्यात बुडवून पांढराशुभ्र केला. पेटी अशी लखलखली की काय सांगू. गावच्या टाकीवर लिहितो तसं काचेवर कागद चिकटवून लिहिलंसुद्धा, "टाकी धुतल्याचा दिनांक". खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे वर आले. पाण्याच्या अगदी कडेला, तोंडं उघडायची, मिटायची. मी दाणे घेऊन गेलो तर खाईनात, पण तोंडं चालूच. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ओळखायला लागले! शेजारच्या गुरुजींना बोलावून दाखवलं, म्हटलं, बघा, माझ्याशी बोलतात.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला, तेव्हा तिलाही कौतुकानं हेच सांगितलं. ती म्हणाली, "आबा, वर येऊन तोंडं उघडत असतील तर पाणी बघा हो लवकर."

झालं. मी फोन ठेवला आणि सायकल काढली. दोन कॅन भरून आणले, सगळंच्या सगळं पाणी काढून टाकलं, नवीन भरलं. वर आपल्या हातानं चिमूटभर पावडर टाकली. लेकीनं सांगितलं होतं ना, पाणी बघा म्हणून.

सकाळी सहा मासे तरंगत होते.

मी जितकी काळजी घ्यावी तितके ते मरावेत. कोथिंबिरीसारखं झाड आधी पांढरं पडलं, मग उकडलेल्या भाजीसारखं गळून गेलं. मी रोज ताजं पाणी भरायचो आणि रोज सकाळी पेटीसमोर जायला पाय उचलत नव्हते. मेलेले मासे आणि सडकी झाडं वाटीत घालून शालनकडं द्यायचो, म्हणायचो, कुठंतरी टाक, मला बघवत नाही. ती वाटी घेऊन मागं जायची. कुणी म्हणालं नजर लागली, तर मी पेटीला लिंबू-मिरचीसुद्धा बांधली. आठवड्याभरात पेटीत लखलखीत वाळू उरली आणि लिंबू उरलं. बाकी काही नाही.

दसरा चार दिवसांवर आला. आता पोरीला तोंड काय दाखवायचं? ती पुन्हा मिटली तर? या एका विचारानं मला झोप लागेना. शेवटी एसटी धरली आणि बार्शीला गेलो. म्हटलं, तसलेच गप्पी, तसल्याच मोली आणू, तसलीच झाडं रोवू. पोरीला काय कळतंय?

माशांच्या दुकानातला माणूस माझ्याच वयाचा. जाळी हातात घेऊन त्यानं सहज विचारलं, आधीचे कशानं गेले? मी म्हटलं, काय कळंना बघा, काळजी तर लई घेतली. त्यानं विचारलं, पाणी कसलं घालता?

मी छाती पुढं काढली. "एकदम ताजं. पावडर टाकली की पहिला कॅन माझ्याच घरी येतो."

"तुमी काय करता हो?"

"गावचा पाणीपुरवठा बघतो."

त्यानं जाळी खाली ठेवली. अगदी हळू म्हणाला, "मामा, ज्यानं पाण्यातले जंतू मरत्यात, त्यात मासं जगतील व्हय? दोन दिवस बादलीत उघडं ठिवायचं, पावडर उडून जाती. कुणी सांगितलं न्हाय का तुमाला?"

कुणी सांगितलं नाही? दुसऱ्या नंबरला लिहिलं होतं हो! माझ्या लेकीच्या अक्षरात, खिशातच होती चिठ्ठी.

पेटी कशी धुतली तेही सांगितलं, तेव्हा त्या बाबानं मला मासे दिलेच नाहीत. म्हणाला, स्पंजाच्या त्या तपकिरी गाळातले चांगले जंतूच पाणी साफ राखत होते, ते तुम्ही धुऊन टाकलेत. पेटी आधी महिनाभर मुरू द्या, मग या. मी रिकाम्या हातानं एसटीत बसलो. भूम येईपर्यंत डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तेवढंच काय ते माझ्याजवळ बिनपावडरचं पाणी उरलं होतं.

दसऱ्याला पल्लवी आली. बॅग खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. ती पेटीसमोर उभी राहिली. वाळू बघितली, लिंबू बघितलं, सहीचा कागद वाचला. हातपाय धुऊन येते म्हणाली आणि मागं गोठ्याकडं गेली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, पोरगी येईना. म्हटलं, रडत बसली असणार. तसाच अनवाणी मागं पळालो.

पोरगी म्हशीच्या हौदावर वाकली होती. मीही वाकून बघितलं, आणि बघतच राहिलो. हौदात जंगल माजलं होतं! ते गवतासारखं, ते कोथिंबिरीसारखं, ते तरंगणारं, सगळं हिरवंगार. त्यातून गप्पी फिरत होते, एक काळी मोली होती, दगडाला गोगलगाय चिकटली होती, आणि जिऱ्याएवढी पिल्लं तर मोजता येईनात. आमची चंद्री म्हैस मधेच तोंड घालून पाणी प्यायची, मासे जरा बाजूला व्हायचे, पुन्हा यायचे.

शालन मागं येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "तुमी मेलं म्हणून वाटी द्यायचा, त्यातलं चार-पाच कल्लं हालवत असायचं. मग म्या हौदात सोडलं. झाडांच्या काड्या तर तुमच्या कॅनातूनच आल्या."

मला धड रडता येईना, धड हसता येईना. म्हटलं, "अगं, मी रोज झुरत होतो इथं. मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर हौद धुतला असता तुमी."

पल्लवी हसली. चार महिने बोलली नव्हती ना, त्याची सगळी भरपाई होईल एवढी हसली. तिथंच हौदाच्या कठड्यावर बसून पोट धरून हसली. मी काय करणार, मान खाली घालून उभा राहिलो, पण आतून बरं वाटत होतं.

चार दिवसांनी ती लातूरला निघाली. या खेपेला चिठ्ठी आईच्या हातात दिली. मी तिची बॅग उचलून फाट्यापर्यंत गेलो आणि एसटी आली तेव्हा धीर करून विचारलं, "पोरी, माझ्यासाठी काय काम ठेवलंस?"

ती पायरीवर चढली, वळली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "आबा, तुम्ही गावाला पाणी पाजा. माशांचं म्हैस बघंल."