चतुर्थीचा उपाशी पेशंट

माझा आवाज मुळात एखाद्या मालगाडीच्या इंजिनासाठी राखून ठेवलेला असावा, वाटपात चूक होऊन तो माझ्या गळ्यात आला. या आवाजावर मी अमरावतीत वर्षानुवर्षं लग्नांचा माईक सांभाळला. पाहुण्यांची स्वागतं, आहेराच्या सूचना, 'वरपक्षाच्या मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं', सगळं आमच्याच तोंडून. एकदा मी माईकवर 'वरात आली' म्हणालो आणि नवरदेवाखालची घोडी जी उधळली, ती थेट चिखलदऱ्याला जाऊन थांबली. नवरदेव परतवाड्यात उतरला म्हणून वाचला. खोटं वाटत असेल तर घोडीला विचारा.

मग तो साथीचा रोग आला आणि लग्नं मुकी झाली. मोजकी माणसं, तोंडाला फडकी, माईक कपाटात. मी घरात बसून बायकोलाच 'मंडळींनी जेवून घ्यावं' असं पुकारू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "आजवर तोंडावर घर चाललं. आता हाताचं काईतरी शिका." तिच्या मावसबहिणीनं नर्सिंग सुचवलं. कुठंही काम मिळतं, आठवड्यातले काही दिवस केलं तरी चालतं, आणि माणसं आजारी पडायला मुहूर्त लागत नाही. हिशेब पटला. वर्गात मी एकटा टकल्या. पोरी मला काका म्हणत, आणि नवीन आलेल्या मॅडम मला पाहून चुकून उभ्या राहत.

आता आमच्या दोरीवर दोन कपडे शेजारी वाळतात, एक शेरवानी आणि एक पांढरा ड्रेस. लग्नसराईत अमरावती, एरवी आठवड्यातले तीन दिवस बडनेऱ्याहून गाडी धरून अकोला. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात मी ब्रदर आहे.

तिथंही तोंड थोडंच बंद राहणार होतं? सुई टोचताना घोडीची गोष्ट सांगितली की पेशंटला सुई कळत नाही. हळूहळू घोडी चिखलदऱ्याच्याही पुढं धारणीपर्यंत गेली. डॉक्टर मला गमतीनं 'आकाशवाणी' म्हणायचे. इन्चार्ज सिस्टर मात्र हसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "ब्रदर, तुमी सांगता त्यातलं अर्धं मी ऐकत नाही, आन उरलेलं कोणाले सांगत नाही." मला ते कौतुकच वाटायचं.

त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातले एक काका, भांड्यांचे दुकानदार, पित्ताशयातले खडे काढायला भरती होणार होते. घरच्यांनी चतुर्थी मुद्दाम मागून घेतली होती. बाप्पाचा दिवस, विघ्न येणार नाही. रिकाम्या पोटी या, असं आधीच बजावलं होतं. सकाळी सिस्टरनी विचारलं, "काका, जेवले नाही ना?" काका दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "चतुर्थी आहे सिस्टर. चंद्र पाहिल्याबिगर मी अन्नाले शिवत नाही." यापेक्षा उपाशी पेशंट कुठं मिळणार? आम्ही सगळे खूश.

स्ट्रेचरवरून ऑपरेशन थिएटरकडे नेताना काकांचे हात बर्फासारखे गार पडले होते. मी घोडी सोडली. ती धारणीला पोहोचली तसे काका हसले, आणि हसता हसता त्यांना ढेकर आला.

त्या ढेकराला वास होता. तुपात तडतडलेल्या जिऱ्याचा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा. मी हजार लग्नांत जेवलेला माणूस, माझं नाक मला फसवत नाही.

"काका, ढेकर कशाचा?"

"पित्ताचा, बाबू. त्याच्यासाठीच तं आलो."

तेवढ्यात थिएटरचं दार उघडलं, आतल्या माणसांनी स्ट्रेचर ओढून घेतलं आणि दार लागलं.

मी बाहेर उभा. भूल देताना पोट भरलेलं असलं तर काय होतं, हे आमच्याकडून पहिल्याच वर्षी घोकून घेतलं होतं. माणूस झोपतो, पोटातलं वर येतं, आणि खोकायची शुद्ध नसल्यामुळं सरळ फुप्फुसात उतरतं. माझ्याजवळ पुरावा काय, तर एक ढेकर. आणि सांगणार कोण, तर धारणीपर्यंत घोडी पळवणारा. दाराच्या काचेतून भूलवाले डॉक्टर सिरिंज भरताना दिसले. त्यांना पुढं दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं, हेही मला माहीत होतं.

चपला बदलून आत गेलो. तोंड उघडलं तर आवाज निघाला तो एखाद्या चोरट्यासारखा. म्हणालो, "सर, थांबा. काकांनी खाल्लेलं आहे."

टेबलाशी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "ब्रदर, आता गोष्टी नको."

"गोष्ट नाही, सिस्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे वाकले. "काका, सकाळपासून काही खाल्लं का?"

काकांनी सुई टोचलेला हात तसाच उचलून कपाळाला लावला. "नाही साहेब. चतुर्थी हाय. खोटं कशाले बोलू?"

खोटं ते बोलतच नव्हते. त्यांचा चेहरा इतका स्वच्छ होता की क्षणभर मलाच माझ्या नाकाचा संशय आला. डॉक्टर मला म्हणाले, "ऐकलं?" आणि त्यांनी सिरिंज नळीला जोडली. अंगठा दट्ट्यावर गेला. सिस्टर मला दंडाला धरून दाराकडे वळवायला लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला आपण सगळे चुकीचंच विचारतोय.

मी मागं वळून विचारलं, "काका, फराळाले काय होतं?"

काकांचा चेहरा उजळला. "उसळ. साबुदाण्याची उसळ आमच्या सुनेच्याच हातची खावी, बाबू. दोनदा घेतली. वर दही, एक केळ. निघता निघता राजगिऱ्याचा लाडू दिला तिनं, म्हणे ताकद राहील."

डॉक्टरांनी सिरिंज नळीतून काढली आणि ट्रेमध्ये ठेवली.

बाहेर काकांचा मुलगा माझ्यावर तापला. "उपासाचं खाणं म्हंजे जेवण हाय काय भाऊ? आमी काय पंगत घातली होती? चतुर्थीचा दिवस तुमी वाया घालवून राहिले." सून पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं तर चांगलंच केलं होतं. मी हात जोडले. समजावून सांगायला गेलो तर त्यानं तोंड फिरवलं. सिस्टरही न थांबता निघून गेल्या. आज आपलं इथलं अन्नपाणी संपलं असं धरून मी वॉर्डात काकांच्या पायथ्याशी बसून राहिलो.

दुपार व्हायच्या आत त्यांना कळ उठली. उजव्या बरगडीखाली हात दाबून ते वाकले, आणि मी त्यांना कुशीवर वळवतो न वळवतो तोच उसळ बाहेर आली. दाणा न् दाणा. एकदा, मग परत. मी डोकं धरून होतो. समोर भांडं कोणी धरलं ते वर पाहिल्यावर कळलं. सिस्टर होत्या. काका जोरजोरात खोकले, डोळ्यांत पाणी आलं, खोकून त्यांनी घसा मोकळा केला. जागे होते म्हणून खोकले.

सिस्टर भांड्यात पाहत म्हणाल्या, "झोपेत असते तं..." मुलगा दारात उभा होता. त्यानं पाण्याचा गडवा आणून दिला, आणि मी चूळ भरायला मदत करत असताना वडिलांची पाठ चोळत राहिला.

कळेचं इंजेक्शन दिल्यावर काका जरा निवले. ऑपरेशन उद्या सकाळी, आणि आता उपासाचंही काही नाही, पाणीसुद्धा आम्ही सांगू तेव्हाच, हे त्यांना सांगून झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "माहा उपास मोडला काय?"

मी तोंड उघडलं, पण सिस्टरच बोलल्या. "काहून मोडंल? खाल्लेलं पोटात राहिलंच नाही. आज साऱ्या अकोल्यात तुमच्यायेवढा कडक उपास कोणाचा नाही, काका."

काकांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी डोळे मिटले, आणि सिस्टरनी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.