अनवरीभाबींनी न दाबलेलं बटण

भवानी पेठेतल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणारी पाच दुकानं आहेत. चारांत काम पटापट होतं. पाचवं अनवरीभाबींचं, तिथं वेळ लागतो. घाई असणाऱ्यानं तिकडं फिरकू नये असं लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

भाबी सातवी शिकलेल्या, तेही उर्दू शाळेत. वीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात मालाच्या गठाणी शिवल्या. गोणपाट, दाभण, सुतळी, आणि वर व्यापाऱ्याचा मार्का. कारखाना बंद पडल्यावर बाई शिलाई मशीन घेऊन बसेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाईंनी जुना कॉम्प्युटर घेतला. पेठ हसली, भाबींनी हसू दिलं. पडद्यावर अडेल तो इंग्रजी शब्द शिकलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचा, अर्थ वहीत उर्दूत लिहायचा आणि तोच शब्द पुन्हा कुणाला विचारायचा नाही, असा त्यांचा नेम. सहा महिन्यांत वही भरली. याला अक्कल म्हणतात. ती फ्रेम करून भिंतीला लावता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वैरागचे कोंडीबा आपली लेक अंकिता हिला घेऊन आले. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म, शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. एस.टी.नं दगा दिल्यामुळं पोचायलाच तीन वाजले होते. यंदा नाही जमलं तर पोरीच्या लग्नाचं बघायचं, असं घरात ठरलेलं. अंकितानं हे भाबींना हळूच सांगून टाकलं.

भाबींनी साइट उघडली आणि पडदाभर इशारा आला: तुमचं कनेक्शन खाजगी नाही. भाबींनी आधी कॉम्प्युटरची तारीख बघितली. तारीख चुकली की असले इशारे येतात, हे त्यांच्या वहीत होतं. तारीख बरोबर होती. मग त्यांनी साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट नक्की कुणाची हे सांगणारा कागद, उघडलं. त्यावर सरकारी खात्याचं नाव नव्हतं, भलत्याच कुणाचं होतं.

शेजारच्या दुकानाचा मालक चन्नवीर तिकडूनच म्हणाला की सकाळपासून हे असंच येतंय. खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' असतं, ते दाबायचं. त्यानं तीसेक फॉर्म असेच भरले होते. कोंडीबांना तेवढंच पुरे झालं.

"ताई, लई झालं. दाबा की ते. समद्यांचं व्हतंय, तुमचंच का न्हाय?"

भाबींनी त्यांना गठाणीवरून सांगितलं. साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणजे गठाण शिवलेली असते. वाटेत कुणाला उसवून आत बघता येत नाही. पण शिवणाराच चोर असेल तर शिलाई काय कामाची? म्हणून मार्का बघायचा. इथं मार्का दुसऱ्याचा होता. चोरानं दारात उभं राहून सरकारचं नाव सांगितलं, तर त्याच्या हातात पोरीचा आधार नंबर आणि पासवर्ड द्यायचा का?

कोंडीबांना गठाणीशी देणंघेणं नव्हतं. घड्याळात चार वाजून गेले होते. ते कागद गोळा करायला लागले.

"मामा, शेजारी जायचं तर जावा," भाबी म्हणाल्या. "पन माझ्या हातानं मी हे बटन दाबनार न्हाय."

अंकिता खुर्चीवरून हलली नाही. ती म्हणाली, "आबा, मी हितंच भरनार." वैरागच्या त्या पोरीनं बापापुढं तोंड उघडलं ते बहुधा पहिल्यांदाच.

आता पोरीचं वर्ष भाबींच्या हट्टावर टांगलेलं होतं. खोट वाटेतच असेल म्हणून त्यांनी दुकानाचं वायफाय तोडलं आणि स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडलं. रेंज मिळावी म्हणून फोन खिडकीच्या गजाला बांधला. पान गोगलगायीच्या चालीनं उघडलं, पण उघडलं. इशारा गेला आणि सर्टिफिकेटवर खात्याचं नाव आलं. म्हणजे दोष साइटचा नव्हता, कॉम्प्युटरचाही नव्हता. पाच दुकानांनी वर्गणी काढून बोळात जो वायफायचा डबा बसवला होता, दोष त्याचा होता. फॉर्म पाचला दहा मिनिटं कमी असताना गेला. कोंडीबांनी पावतीची घडी करून खिशात घातली.

भाबी उठल्या, बोळात गेल्या आणि डब्याची पिन उपसली. चन्नवीर भांडायला धावला. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून तपासलं तर डब्याचा पासवर्ड कंपनीतून आला तोच होता, आणि विसरायला नको म्हणून वर भिंतीवर खडूनं लिहिलेला. कुणीतरी आत शिरून सरकारी साइटींची वाट आपल्या बनावट पानाकडं वळवली होती. चन्नवीरच्या त्या दिवसाच्या गिऱ्हाइकांकडं पावत्या होत्या, अर्ज मात्र कुठंच पोचले नव्हते. नशीब, ते जातीच्या-उत्पन्नाच्या दाखल्यांचे होते, त्यांना मुदत नव्हती. पुन्हा भरता आले. एकेकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावण्यात आठवडा गेला. भाबी रोज त्याच्या शेजारी बसल्या आणि एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाल्या नाहीत. माझ्याच्यानं हे झालं नसतं.

दिवाळीनंतर कोंडीबा पुन्हा आले, पुतणीचा फॉर्म घेऊन. भाबींकडं सात जण बसलेले, चन्नवीरकडं कुणी नव्हतं. त्यानं खुर्ची पुढं करून बोलावलं, आता आपणही सर्टिफिकेट बघतो म्हणाला. ते खरंही होतं.

कोंडीबा भाबींच्या बाकावरच बसून राहिले आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय बाबा. माजी अंकिता आज नर्सिंगला हाय ती या बाईनं माजं ऐकलं न्हाय म्हनून."

भाबींनी पडद्यावरची नजर काढली नाही, पण पदर सावरून ताठ बसल्या.