नायिकेच्या ओळींखाली

सिंगापुरात क्लेमेंटीच्या बसथांब्यावर रोज भेटणाऱ्या कोरियन संशोधक बाईंनी माझा अपमान केला, असे माझा जावई चारचौघांत सांगतो. ते साफ खोटे आहे.

त्या बाई जपानी अमलाच्या सुरुवातीच्या काळातील कोरियन कादंबऱ्या वाचत. शिकलेली, नव्या वळणाची नायिका जिथे स्वतः बोलते, तेवढ्याच ओळींखाली त्या पेन्सिलीने रेघ ओढत. पानेच्या पाने रेघेवाचून जात. ‘लेखक तिच्याविषयी पुष्कळ बोलतात, अंकल,’ त्या एकदा म्हणाल्या, ‘आणि शेवटी तिला पस्तावायला लावतात.’

आमच्याकडे असे नव्हते, हे मी त्यांना ठणकावून सांगितले. पुरावा म्हणून माझ्या पत्नीची हकिकत ऐकवली: लग्नानंतर मी तिला एम.ए.पर्यंत शिकवले, तिला कॉलेजात नोकरी लागली, आणि पुढे मुलीसाठी तिने ती आनंदाने सोडली. बाई मान किंचित कलती ठेवून ऐकत होत्या. बस आली तेव्हा पुस्तक मिटत त्यांनी मृदू आवाजात विचारले, ‘यात त्या कुठे बोलल्या, अंकल?’

घरी येऊन पत्नीला विचारले, ‘नोकरी सोडलीस तेव्हा तू काय म्हणाली होतीस?’

ती भाजी निवडत होती. ‘खूप बोलले होते,’ मान वर न करता ती म्हणाली. ‘तुम्ही पेपर बाजूला ठेवला नाहीत.’

‘आनंदाने’ हा शब्द माझा होता. इतकी वर्षे मी तो तिच्या तोंडी घालत आलो.