पिवळ्या अक्षरांतली सूचना

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना सूचनांचं भारी वेड. दारावर सूचना, खिडकीवर सूचना, पंख्याच्या बटणाखालीही सूचना. लोक त्या वाचत नाहीत म्हणून भिंतीच्या मधोमध आणखी एक मोठी पाटी: 'कृपया सूचना वाचा.' कुणी पुस्तक सापडत नाही म्हणालं की बाई चष्म्यावरून बघायच्या. "नाही म्हणू नका. कुठल्या कपाटात पाहिलंत ते सांगा."

त्या सकाळी मात्र बाईंच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. अकराला वाचनालयाचे सचिव येणार होते. सव्वीस वर्षं बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेली पुस्तकांची कार्डं संगणकावर उतरवून झाली होती; त्यांतून पुस्तक शोधून देणारा 'सूची' नावाचा, पायथन भाषेतला प्रोग्राम आज चालवून दाखवला नाही, तर सगळं काम बंद आणि कार्डं रद्दीत, असं सचिवांनी बजावलं होतं.

बाईंनी प्रोग्राम संगणकाच्या लिनक्स प्रणालीवर बसवला आणि ऐटीत 'सूची' अशी आज्ञा दिली. संगणक म्हणाला, अशी आज्ञाच सापडत नाही. बाईंनी तो काढून पुन्हा बसवला. चार वेळा. शेवटी नाक मुठीत धरून धाकट्या बहिणीला फोन लावला. ती एका कचेरीत संगणक सांभाळायची.

"ताई, बसवताना पिवळ्या अक्षरांत काही येतं का?"

"येतं की. दर वेळी येतं."

"काय लिहिलेलं असतं?"

बाई चष्मा पुसू लागल्या.

"तू सूचना वाचली नाहीस? तू?" बहीण पोट धरून हसली. मग सांगू लागली, "तिथं हेच लिहिलेलं असतं: प्रोग्राम तुझ्या खात्याच्या फोल्डरमध्ये, आतल्या 'बिन' नावाच्या कप्प्यात बसलाय. तू दिलेली आज्ञा शोधणारं शेल फक्त पाथमधल्या जागा बघतं. पाथ म्हणजे कपाटांची यादी समज. तुझं नवं कपाट त्यात नाही."

"एवढंच ना," म्हणून बाईंनी फोन ठेवला. पाथमध्ये नवं कपाट लिहिलं, फक्त तेवढंच. आता फायली दाखवणारी साधी आज्ञाही चालेना. आगीतून फुफाट्यात. पुन्हा फोन.

"जुनी यादी खोडलीस? अगं, वाचकानं असं केलं असतं तर तू त्याला दारात उभं केलं नसतंस. ती आज्ञा लिहायची खिडकी बंद कर. बदल तिच्यापुरताच आहे. आता शेल दर वेळी उघडताना वाचतं त्या बॅशआरसी फायलीच्या शेवटी लिही: नवं कपाट, आणि त्याला जोडून जुना पाथ जसाच्या तसा. मग नवी खिडकी उघड."

बाईंनी एकेक अक्षर वाचून लिहिलं. नवी खिडकी उघडली. 'सूची' चालली.

सचिव ठोक्याला आले. "लहानपणी इथे विहिरी बांधण्यावरचं एक पुस्तक वाचलं होतं. पुढे कधी सापडलं नाही," ते म्हणाले. बाईंनी शोधलं: कपाट नऊ, खालचा कप्पा. पुस्तक तिथंच होतं. सचिव त्यातलं एक पान उघडून उभ्या उभ्याच वाचत राहिले, आणि मग म्हणाले, "यादी चालू द्या. कार्डंही राहू द्या."

बाईंना रडू आलं, ते त्यांनी कपाट पुसायच्या फडक्यात लपवलं. सचिव गेल्यावर स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, आणि भिंतीवरच्या मोठ्या पाटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं: 'ग्रंथपालांनीसुद्धा.'