आत्या फिट आहे

आमच्या गणवेशाच्या कारखान्यात सगळ्यांच्या आत्याचा शब्द शेवटचा. कॉलर मानेला सोडून उभी राहिली, बाही काखेत ओढली, की कापड तिच्याकडे. थोडं उसवायचं, थोडं शिवायचं आणि म्हणायचं, "आता कसं फिट बसलं." नवऱ्यालाही तिने तसंच नीट करून घेतलंय म्हणे. "मिळाला तेव्हा सगळीकडून ढगळ होता."

हात मोडला म्हणून ती घरी बसली. प्लास्टर निघालं, तेव्हा तिला आत्याच म्हणणाऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सुपरवायझरला फोन केला. मशिनांच्या घरघरीत त्याला दोनच शब्द ऐकू आले. आत्या आणि फिट.

आत्या कामावर आली, तर तिच्या मशिनवर दुसरीच बाई. आत्याला पॅकिंगच्या खोलीत घड्या घालायला बसवलेलं आणि टेबलाचे कोपरे चिंध्यांनी गुंडाळलेले. ती मला म्हणाली, "मशिन नसेल तर मी येत नाही उद्यापासून. घड्या काय, घरीही घालते."

युनियनचं मी बघते. डोकं माझं कायम तापलेलं. तशीच गेले सुपरवायझरकडे.

"तिचं मशिन का काढलंत? ती फिट आहे."

"माहितीये. म्हणूनच काढलं."

"मग आजारी असती तर काय बढती दिली असती?"

"ताई, हळू बोला. सुईखाली बोट गेलं म्हणजे?"

"इतकी वर्षं नाही गेलं ते?"

"आधी येत नव्हती ना."

"काय येत नव्हती?"

"फिट."

माझ्यामागून आलेली आत्या दाराला धरून गदगदा हसायला लागली, तसा हा धावला. "धरा तिला, आडवं करा."

"अरे बाबा, हसतेय मी. हात बरा झाला, कामाला फिट आहे, एवढंच सांगितलं त्या बाईने."

बिचारा कानापर्यंत लाल. मी मात्र सोडलं नाही. "आणि खरंच येत असती, तरी आधी तिला विचारायचं, मग मशिनला हात लावायचा."

"चुकलं," तो म्हणाला.

दुपारच्या आत आत्या मशिनवर. येताना टेबलाच्या कोपऱ्याची एक चिंध्यांची गादी सोडून आणली, मशिनच्या कडेला बांधली आणि बऱ्या झालेल्या हाताचं कोपर त्यावर टेकवलं.

"राहू दे ही," सुपरवायझरला म्हणाली. "तुझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी फिट बसलंय."