ग्रहणात ओढलेले पडदे

आमची सून तेव्हा आठव्या महिन्यात होती, आणि त्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. बर्मिंगहॅममध्ये मुळात सूर्य दिसायचीच मारामार, त्याचं ग्रहण कुठलं लागतंय, असं तिचं म्हणणं. पण मी जुन्या वळणाची. घरात पोटुशी बाई असताना ग्रहण म्हटलं की माझे हात आपोआप चालायला लागतात. मी रस्त्याकडचे वरचे-खालचे सगळे पडदे ओढून घेतले आणि सुरी-कात्रीला हात लावायचा नाही, एवढं बजावून तिला सोफ्यावर बसवलं.

"अहो आई, लॅपटॉप चालेल ना? त्यानं काही कापलं जात नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, चालेल, पण तोंड कमी चालव.

आमची गल्ली म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची लांब ओळ. कधीकाळी कारखान्यातल्या लोकांसाठी बांधलेली. त्या पिढीतली थोडी माणसं अजून उरली होती, आणि त्यातलं एक जोडपं अगदी आमच्या भिंतीला भिंत लावून. म्हातारा जन्मभर पत्रे दाबायच्या मशीनवर होता, म्हातारी सायकलच्या सीट शिवायची. दोघंही स्वभावानं ताठ, पण माणूस म्हणून सोनं. आठवड्यापूर्वी म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला आणि योगायोगानं तो माझ्या डॉक्टर मुलाच्याच वॉर्डात जाऊन पडला. रोज संध्याकाळी म्हातारी कुंपणापाशी येऊन विचारायची, तुझा मुलगा काय म्हणतो? मुलगा कसला सांगतोय. पेशंटचं घरी बोलायचं नाही, हा त्याचा नियम. मी आपली म्हणायची, चांगली काळजी घेतायत हो.

तर पडदे ओढून झाले आणि माझ्यानं राहवेना, म्हणून फटीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घरातली दुसरी एक म्हातारी तिच्या पुढच्या खोलीचे पडदे ओढत होती. मला गंमत वाटली. म्हटलं, हिलाही ग्रहण कळतं की काय? मग तिच्या शेजारचे पडदे लागले. मग कोपऱ्यावरच्या घराचे. सुनेला हाक मारून दाखवणार, तेवढ्यात रस्त्यानं जाणारा एक वयस्कर माणूस आमच्या शेजाऱ्यांच्या दारासमोर थांबला, डोक्यावरची टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि पुढे गेला.  

दार वाजलं. उघडलं तर शेजारीण. अंगात काळा चांगला कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस विंचरलेले. आत आली आणि उभीच राहिली.

"मुलानं तुला फोन केला ना, बॅब?" बॅब म्हणजे त्यांच्याकडचं बाळ, बाई, काय म्हणाल ते. "कधी गेला तो?"

"कसला फोन?" मी म्हटलं. मग तीच सांगत गेली, अगदी हळू. तिच्या लहानपणी गल्लीत कुणी गेलं की सगळी घरं पुढचे पडदे ओढून घ्यायची, शवपेटी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत. एरवी दिवसाढवळ्या पडदे ओढणारी बाई आळशी ठरायची, म्हणून आजारी माणसाच्या खोलीचेसुद्धा उघडे असायचे. सकाळी तिनं बाहेरून आमचे पडदे पाहिले आणि आपलेही ओढून घेतले. मुलानं मला आधी कळवलं, मला तोंडानं सांगवेना, असं तिनं धरलं. वर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू रीत पाळलीस. आता कोण पाळतं?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सूर्य, चंद्र, बाळ, सगळं सांगितलं. सुनेनं नीट करून पुन्हा सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, पण कानात काही शिरलं असेल असं वाटेना. मग एकदम माझ्याकडे बघून तिनं विचारलं,

"मग तो आहे?"

हो म्हणायला जीभ उचलली होती मी. पण मला तरी कुठे ठाऊक होतं?

सुनेनं वॉर्डला फोन लावला, लाइन लागेना. मुलाचा मोबाइल बंद. निरोप ठेवला. म्हातारी बसेना, कोटही काढेना. तू स्वतः विचारायचंस की सकाळी, असं मी म्हटलं, तर म्हणाली, डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा, काही झालं तर तेच कळवतात. त्या लोकांचं सगळं आयुष्य असं, कुणाला आपला त्रास नको. ग्रहणात चूल पेटवू नये, पण मी उठले आणि तिच्यासाठी चहा टाकला. कप तिच्या हातात तसाच गार होत राहिला. खोलीत अंधार, आणि तिघींचं लक्ष फोनकडे.

वाजला तेव्हा मीच उचलला. मुलगा होता. मी एका दमात सगळं सांगितलं. 

"आई, मी तुला नाही सांगू शकत. त्यांना फोन दे."

 चांगलं असतं तर एका शब्दात सांगितलं नसतं का, असं मनात आलं. फोन तिच्याकडे दिला आणि सुनेचा हात धरला. म्हातारी ऐकत होती. हो, म्हणाली. पुन्हा हो. मग फोन खाली ठेवला आणि तेव्हा कुठे खुर्चीत बसली.

"नाश्ता केला म्हणे त्यानं. लापशी पातळ होती म्हणून भांडला."

सून हसली आणि लगेच रडायला लागली. मी तिला मागच्या खोलीत पाठवलं आणि पुढचे पडदे सरकवले. ग्रहण सुटायचं होतं अजून, पण गल्लीच्या लेखी त्याला मेलेला ठेवून कसं चालेल?

दुपारी बसनं मी तिच्याबरोबर हॉस्पिटलला गेले.  डोळ्यांनी बघेपर्यंत तिचा विश्वास बसणार नव्हता. म्हातारा उशीला टेकून बसला होता, नाकाला नळी. त्यानं तिचा काळा कोट वरपासून खालपर्यंत पाहिला आणि घरघरत विचारलं, कोण गेलं?

"तुझ्या ओळखीचं कुणी नाही," ती म्हणाली, आणि त्याची चादर सारखी करायला लागली. चादर सारखीच होती. तरी ती करतच राहिली.